मोहाटोल्याची पार आणि माझी आमदारकी

मी आमदार होतो हे कळलं की नवा माणूस थोडा वेळ माझ्या घराच्या कौलांकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे तुम्ही नेमकं करत काय होता?" प्रश्न खोडसाळ नसतो. निवडून येईपर्यंत मलाही ते नीट माहीत नव्हतं.

आमदाराच्या सहीनं काहीच होत नाही. तलाठ्याच्या सहीनं सातबारा निघतो, मास्तरांच्या सहीनं पोरगं वरच्या वर्गात जातं. आमदारानं सही केली की फार तर दुसऱ्या कोणाला तरी वाटू लागतं की आता आपल्यालाही सही करावी लागणार. ते वाटेपर्यंत चकरा मारायच्या, विचारत राहायचं, आणि विचारताना चिडायचं नाही. एवढंच काम. मी ते सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून पुढची काही वर्षं केलं. एकदा पडलो, दोनदा निवडून आलो, आणि चौथ्या वेळी आपणहून उभा राहिलो नाही.

त्याआधी मी भांडी विकत होतो. भंडाऱ्यात आमचं पितळी भांड्यांचं दुकान. वडील गादीवर बसत, धाकटा भाऊ मधुकर गिऱ्हाईक सांभाळी, आणि मी सायकलला गुंड, गंज, कोपर अशी घागरी-पातेली-पराती बांधून आठवडी बाजार करी. कोणत्या घरी मुलीचं लग्न ठरलं हे मला पत्रिका छापायच्या आधी कळे, कारण भांडी आधी लागत. कोणत्या घरात वाटण्या झाल्या हेही कळे, कारण मग एकाच घरातून दोन बाया दोन कोपर मागत. माझ्या मतदारसंघातली चूलन् चूल मला अशी ठाऊक होती. तेवढ्यावर निवडणूक जिंकता येते असं मला वाटलं आणि मी बहात्तर साली अपक्ष उभा राहिलो.

समोर बाबूसाहेब होते. जुन्या मालगुजार, म्हणजे जमीनदार घराण्यातले, आधीचेच आमदार. उंच, पांढऱ्याशुभ्र धोतरातले, कधी आवाज न चढवणारे. त्यांच्या आजोबांनी बांधलेले तलाव आमच्या भागात जागोजागी होते. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, पण माणसं अजून "बाबूसाहेबायचा तलाव" असंच म्हणत.

आंबागडच्या बाजूला मोहाटोला नावाचं गाव आहे. तिथं मी हात जोडून घरोघर फिरत होतो. एका दारात सगुणाबाई धान पाखडत बसली होती. ही माझी जुनी गिऱ्हाईक. एका गुंडासाठी तीन बाजार घासाघीस करणारी. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"रघुभाऊ, तुले मत देल्लं तं माह्या बांधीले पाणी येईन काय?"

बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर. तिची बांधी तलावाच्या पाण्याच्या अगदी शेवटी होती. तलावाची पार, म्हणजे मातीची भिंत, खचत चालली होती. पाणी सोडायचं दार, म्हणजे तुडुम, फुटून त्यातून नको तेव्हा पाणी गळे आणि हवं तेव्हा शेवटच्या बांधीपर्यंत पोचत नसे.

मी म्हटलं, "बाई, मी निवडून आलो तर प्रयत्न करीन."

"प्रयत्न तं मी बी करून रायली दहा वर्सं. तू कायले पायजे मंग?"

मी सपाटून पडलो. मधुकर दोन दिवस जेवला नाही. मी मात्र तिसऱ्या दिवशी सायकलला भांडी बांधून बाजाराला गेलो. लोकांना वाटलं होतं हा आता तोंड दाखवणार नाही. माझी तर त्या दिवशी उलट विक्री जास्त झाली. सगुणाबाई म्हणाली, "पडून बी आला म्हंजे पक्का हायेस." त्या एका वाक्यावर मी पुढची सहा वर्षं गावं धरून राहिलो. कोणाचं रेशन अडलं, कोणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची आहे, भांडी विकता विकता तेही करत गेलो.

अठ्ठ्याहत्तरला पुन्हा उभा राहिलो तेव्हा हवा थोडी माझ्या बाजूची होती. म्हणूनच असेल, एक कुजबुज उठली. भांडेवाला काटा मारतो. वजनात खातो. पितळ वजनावर विकतात, त्यामुळे आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. तुमसरच्या बाजारात मी बैलबंडीवर उभा राहून बोलत होतो. मधूनच एक माणूस ओरडला, "भांडे विकतानी काटा मारला, आता आमालेच विकाले निंगाला!" लोक हसले. वडिलांनी कमावलेलं नाव माझ्या निवडणुकीपायी चाललं होतं.

गर्दीत सगुणाबाई मिरच्या विकत बसली होती. ती उठली. "पुढच्या बाजारी येजो," ती त्या माणसाला म्हणाली, "अना तोंड घेऊन येजो."

पुढच्या बाजाराला ती आली ती डोक्यावर गुंड घेऊन. मागे मोहाटोल्याच्या आणखी बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर काही ना काही. आमच्या दुकानची रीत होती, भांड्याच्या काठावर घेणाऱ्याचं नाव आणि वजन कोरून द्यायचं. सगुणाबाई सरळ धानाच्या अडत्याकडे गेली. तो बाबूसाहेबांचा माणूस, सगळ्या बाजाराला माहीत. "तुह्याच काट्यावर मोज," ती म्हणाली.

अडत्यानं गुंड पारड्यात ठेवला. काठावरचं वजन मोठ्यानं वाचलं. काटा स्थिर झाला. वजन कमी भरलं.

थोडंसंच कमी, पण कमी. मागल्या बाजारी ओरडलेला तो माणूस तोंड उघडणार इतक्यात सगुणाबाई त्याच्यावर धावून गेली.

"काय पाहून रायला? रोज राखेनं घासतो आमी! इतले वर्सं घासून झिजन नाई तं काय वाढन? तुह्या घरी घासत नाईत काय भांडे?"

बाया खो खो हसल्या. मग अडत्यानंच डोकं चालवलं. त्यानं विचारलं, वर्षभरात घेतलेलं भांडं कोणाकडे आहे का? एका नव्या नवरीचा गंज पुढं आला. ठेवला, आणि काटा बरोबर मधोमध थांबला. अडत्या जुना व्यापारी होता, काट्याशी खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं. "वजन बरोबर हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "बाकीचे बी मोजू काय?" कोणी हो म्हटलं नाही. तो ओरडणारा माणूस कधी सटकला हे कळलंच नाही. त्या दुपारी मी भाषण केलं नाही. गरजच उरली नव्हती.

मी निवडून आलो. मिरवणूक निघाली तेव्हा वडील दुकानाच्या पायरीवर उभे होते. ते कधी गुलाल लावून घेत नसत, त्या दिवशी त्यांनी कपाळ पुढं केलं.

आमदाराकडे येणारी माणसं म्हणजे पुन्हा गिऱ्हाईकंच. बपेऱ्याहून एक म्हातारबाबा यायचे. त्यांचा जावई नदीपलीकडे, मध्य प्रदेशात मास्तर. त्याची बदली मी करून द्यावी. मी समजावलं, "बाबा, ते राज्य वेगळं आहे. तिथं माझं चालत नाही."

"मंग तुमचं राज कुठवर हाय?"

"नदीपर्यंत."

"अना पोरगी तं आमची पाण्यातून चालत येते," ते म्हणाले. "तिले कुठीसा लागते तुमचं राज?"

त्यांचं काम माझ्याकडून झालं नाही. नदीवर तिथं पूल व्हावा म्हणून मी बोलत राहिलो, तोही माझ्या काळात झाला नाही. बपेऱ्याच्या लोकांना भेटलो की आजही मी थोडा ओशाळतो.

मोहाटोल्याचं मात्र मनावर घेतलं होतं. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, म्हणजे आमच्या दारातच. आमदार तिथं मंत्र्यांना लेखी प्रश्न पाठवतात, त्यातले काही सभागृहात पुकारले जातात आणि मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं. माझा प्रश्न पुकारला गेला: मोहाटोल्याच्या मामा तलावाची दुरुस्ती कधी? आमच्याकडे माजी मालगुजारी तलावाला थोडक्यात मामा तलाव म्हणतात. मंत्री दूरच्या जिल्ह्यातले. ते उभे राहिले, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्यांनी आधी हे सांगावं की हा तलाव कोणाच्या मामाचा?"

सभागृह हसलं. मी नवखा होतो. पण बाजारात घासाघीस करून वाढलेल्या माणसाला लोकांच्या हसण्याची सवय असते. मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, मामा पूर्वी मालगुजारांचे होते, आता सरकारचे आहेत. भाचे मात्र आम्हीच. आणि सरकारकडे गेल्यापासून मामांनी भाच्यांना जेवायला घातलेलं नाही."

पुन्हा हसू उठलं, पण या वेळी माझ्या बाजूनं. मंत्रीही हसले. माणूस मोकळा होता. दुपारी त्यांनी मला दालनात बोलावलं, चहा दिला आणि मामा तलाव म्हणजे काय ते अर्धा तास ऐकून घेतलं. पाहणी झाली, अंदाजपत्रक झालं, फाइल दर महिन्याला कुठं तरी जाऊन बसे आणि मी दर महिन्याला जाऊन तिला उठवी. ऐंशीच्या जानेवारीत धान निघाल्यावर काम सुरू झालं. नवं तुडुम बसवायला पार मधोमध उघडावी लागते. ती उघडली. बैलबंडी आरपार जाईल एवढी खिंड.

आणि फेब्रुवारीत विधानसभा बरखास्त झाली.

मी एका दिवसात माजी झालो. राष्ट्रपती राजवट लागली, मेच्या शेवटी मतदान ठरलं. तुडुम बसलं होतं, पण पार उघडीच. ठेकेदाराचे मजूर तेंदूपत्त्याच्या हंगामाला जंगलात गेले. आमच्याकडे मे महिन्यात तेंदूच्या पानापुढं दुसरं काम नसतं. ट्रक आणि ट्रॅक्टर निवडणुकीला लागले. ठेकेदार म्हणाला, पावसाळ्यानंतर बघू. पावसाळ्यानंतर! गाव त्या पारीच्या खालच्या अंगाला होतं. मृगात डोंगराचं पाणी उतरलं की ते खिंडीतून आधी घरात शिरणार आणि मग बांध्या कापत जाणार. जुनी पार खचलेली का होईना, निदान गाव तरी वाचवत होती. मी दुरुस्ती आणली म्हणून गावावर ही वेळ आली होती.

मी प्रचाराचा कार्यक्रम बाजूला ठेवला आणि फावडं घेऊन मोहाटोल्याला गेलो.

मधुकर तिथं येऊन माझ्यावर ओरडला. "दादा, चार गावी सभा लावल्या. लोक बसून राहिले. तू इथं माती काहून फेकून राहिला?"

"हे उघडं ठेवून मी कोणत्या तोंडानं सभा घेऊ?"

"अन् पडला म्हणजे?"

"आधी एकदा पडून पाहिलंय."

तो पाय आपटत गेला आणि संध्याकाळी आमच्या दुकानातली दोन माणसं आणि सगळी घमेली घेऊन परत आला. गावातल्या म्हाताऱ्या, सुना, शाळा सुटलेली पोरं, जी तेंदूला गेली नव्हती ती सगळी आली. पहाटे उजाडायच्या सुमारास काम सुरू करायचं, ऊन चढलं की थांबायचं, उतरलं की पुन्हा लागायचं. सगुणाबाई मुकादम झाली. तिला कोणी केलं नाही, ती झाली. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसनं चोपायचा, मग पुढचा थर. चोपण कच्चं वाटलं की ती पायानं दाबून पाही आणि पुन्हा चोपायला लावी. तरी माणसं कमी होती आणि बंड्या त्याहून कमी. खिंड भरत होती, पण रोज आभाळाकडे पाहिलं की मला ती होती तेवढीच दिसे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाबूसाहेबांची जीप पारीखाली थांबली. त्याही निवडणुकीत माझ्याविरुद्ध तेच उभे होते. सरकारनं तलाव घेतल्यापासून ते या पारीवर चढले नव्हते, असं गावातले सांगत. ते उतरले, छत्री मिटली, आणि हळूहळू वर आले. सगळ्यांचे हात थांबले.

"रघुनाथजी, ही मत मागण्याची नवी रीत आहे का?"

"मत मागत नाही बाबूसाहेब. ही भरली नाही तर गाव जाईल."

ते खिंडीच्या तोंडाशी गेले. वाकून मातीचा एक गोळा उचलला, बोटांनी कुस्करला. मग म्हणाले, "माझ्या आजानं ही पार बांधली तेव्हा माझे वडील तान्हे होते. आजी त्यांना पाठीशी बांधून इथं लोकांना भाकरी वाढत होती. तुम्ही ही बांधाल आणि मी जीपमधून पाहत जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना बंड्यांची रांग आली. बाबूसाहेबांच्या वाड्यावरच्या, त्यांच्या नात्यातल्या, शेजारच्या गावांतल्या. बंड्यांवर त्यांच्या प्रचाराचे झेंडे फडफडत होते. सगुणाबाई वाटेत आडवी उभी राहिली.

"झेंडे काढा पयले! इथं मातीच येईन, बाकी काई नाई!"

बाबूसाहेब स्वतः मागच्या बंडीवर बसले होते. ते खाली उतरले आणि त्यांनीच पहिला झेंडा काढला. मग तिनं माझ्याकडे मोहरा वळवला. "तू बी आयकून घे. या पारीवर जो भाषण देईन त्याले दुप्पट टोपल्या!"

पुढचे काही दिवस आम्ही दोघे उमेदवार एकाच पारीवर होतो. त्यांना माती उचलणं झेपत नव्हतं, ते पाणी मारायच्या कामावर उभे राहिले. धोतराचा काचा मारलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. दुपारी मोहाच्या सावलीत एकाच परातीतला भात आणि वरण. एकमेकांशी आम्ही फार बोललो नाही. आमचे कार्यकर्ते मात्र आधी एकमेकांकडे पाठ करून काम करत होते, ते तिसऱ्या दिवशी धुम्मसच्या तालावर एका सुरात ओरडायला लागले. शेवटचा थर चोपून झाला तेव्हा मतदानाला मोजकेच दिवस उरले होते. बाबूसाहेबांनी मला नमस्कार केला. "आता सभेत भेटू," ते म्हणाले, आणि बंड्यांवर पुन्हा झेंडे चढले.

मोजणीच्या दिवशी आम्ही दोघे शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आमच्या वेळी मतपत्रिका होत्या. पेट्या उघडायच्या, गठ्ठे बांधायचे, मोजायचे. सुरुवातीला ते पुढं होते. दुपारनंतर माझे गठ्ठे उंच होत गेले. निकाल जाहीर झाला तसे ते उठले, माझा हात हातात घेतला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्याच आजाच्या पारीवर उभं राहून यानं मला पाडलं!" आणि इतके मनापासून हसले की माझे डोळे भरून आले. त्यांच्यासारखा विरोधक मिळणं ही माझ्या राजकारणातली खरी मिळकत.

सगुणाबाईनं मत कोणाला दिलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "थे सांगाचं नसते. सरकारचा कायदा हाय."

तलाव त्या पावसाळ्यात काठोकाठ भरला. पारीतून थेंब गळला नाही. भाद्रपदात पावसानं ओढ दिली आणि धानाला पाणी सोडायची वेळ आली. तुडुम उघडायला गावानं मला बोलावलं. मी बाबूसाहेबांना सोबत घेऊन गेलो. नारळ कोणी फोडायचा यावर आम्ही एकमेकांना "तुम्ही, तुम्ही" करत राहिलो. शेवटी दोघांनी एकेक फोडला. तुडुमची दांडी वर उचलली आणि पाणी पाटात उतरलं.

सगळं गाव पारीवर होतं. सगुणाबाई तेवढी दिसत नव्हती. विचारलं तर कळलं, ती सकाळपासून आपल्या बांधीवर जाऊन बसली आहे. तिचा पाण्यावर विश्वास नव्हता, माझ्यावर तर त्याहून नव्हता.

पारीवरून तिची बांधी दिसत नाही, मध्ये झाडी आहे. आम्ही वाट पाहत उभे राहिलो. पाणी पाटानं दूर जात होतं आणि एकेका बांधीतून माणूस हात वर करून ओरडत होता, "आलं!" मग त्याच्या पुढचा, "आलं!" मग झाडीपलीकडून, अगदी बारीक, "आलं गाऽ!" त्यानंतर काहीच ऐकू येईना. शेवटची बांधी राहिली होती. बाबूसाहेबांनी माझा दंड धरला होता.

बराच वेळ गेला. मग झाडीपलीकडून तिचा आवाज आला. बाजारात मिरच्या विकून कमावलेला, अर्ध्या कोसावरून ऐकू येणारा.

"रघुभाऊऽऽ! पुरे झालं गाऽ! बंद कर आता, माही बांधी फुटनऽऽ!"